ऑगस्टमध्ये चौथीत आलेली मुलगी: ‘काहीच येत नाही’ या शेऱ्याचा प्रकरण अभ्यास

ऑगस्टचा दुसरा आठवडा. पुण्याच्या पूर्वेला खराडी-वाघोलीच्या बांधकामांच्या पट्ट्यातली महापालिकेची मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. चौथीचा पट ४१, शिक्षिका एक. पाठ्यपुस्तके वाटून झालेली, पहिले चार-पाच धडे संपलेले. अशा वेळी कलबुर्गी जिल्ह्यातून आलेले जोडपे नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन शाळेत येते. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई बिगारी, मुलीच्या कडेवर तीन वर्षांचा भाऊ. घरात कन्नड. मुलीला मराठी येत नाही, हिंदीचे चार शब्द येतात. हातात फक्त आधार कार्डे, शाळा सोडल्याचा दाखला नाही.

पंधरा दिवसांनी वर्गशिक्षिकेच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे तीन शब्द येतात: ‘काहीच येत नाही.’ या तीन शब्दांपर्यंत शाळा कशी पोहोचली आणि तिथून परत कशी फिरली, हा या प्रकरणाचा विषय.

ही एकच मुलगी आहे असे समजू नये. बांधकामांभोवतीच्या शाळांत दर पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर अशी मुले येतात. त्यांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडते, ते एका मुलीभोवती गुंफून इथे मांडले आहे. वर्गाचा पट, आठवडे आणि तिची प्रगती हे आकडे त्या मांडणीपुरते आहेत. कायदा, भाषा आणि लिपीचे तपशील मात्र जसेच्या तसे.

प्रवेशाचा दिवस

इथे शाळेला फारसे स्वातंत्र्य नाही, आणि ते चांगलेच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचे कलम ४ सांगते की शाळेत कधी न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गातच बसवायचे आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. ते किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे चालू शकते. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही, आणि कलम १५ प्रमाणे वर्ष अर्धे उलटले म्हणूनही नाही. आधारचेही तसेच: शालेय प्रवेशासाठी ते सक्तीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

तरीही ‘कागद आणा, मग बघू’ असे का ऐकू येते, याचे कारण कायद्याच्या अज्ञानापेक्षा संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे या सरकारी हिशेबात, जास्त असते. शिक्षकांची पदे पटावरून ठरतात आणि अलीकडे त्या हिशेबात आधार जुळलेली मुलेच धरली जातात. नावाचे स्पेलिंग जुळले नाही की वर्गात मूल दिसते, पण हिशेबात दिसत नाही. त्यामुळे अर्धवट कागदांचे मूल म्हणजे कामाचा बोजा, असे गणित डोक्यात बसते. ते मुलाच्या दारात मांडायचे नसते, एवढेच.

या प्रकरणात प्रवेश त्याच दिवशी झाला. दोन ठिकाणी मात्र घाई झाली आणि दोन्ही घाया पुढे नडल्या.

पहिली, नाव. कर्नाटकातल्या अनेक आधार कार्डांवर आपल्यासारखे ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ नसते. मुलीचे नाव आणि एखादे आद्याक्षर, किंवा नुसते वडिलांचे नाव. आपल्या जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदींच्या वहीला, तिसरा रकाना रिकामा बघवत नाही. मग कोणी गावाचे नाव आडनाव म्हणून लिहितो, कोणी जातीचे. हे करू नये. कार्डावर आहे तेवढेच लिहावे. जनरल रजिस्टरमधली नोंद नंतर बदलायची तर वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते आणि तोवर मूल तिसऱ्या शाळेत गेलेले असते. जातीच्या रकान्याबाबत तर अधिकच जपावे. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत येतो, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. तोंडी माहितीवर कोणताही प्रवर्ग लिहिला की मुलीच्या मागे चुकीचा कागद लागतो. पुरावा येईपर्यंत रकाना मोकळा ठेवावा.

दुसरी घाई ऑनलाइन नोंदीची. ही मुलगी गावी पहिली पूर्ण करून दुसरीत काही महिने बसलेली होती, म्हणजे यू-डायस प्लस या देशभरच्या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत तिचा कायम शिक्षण क्रमांक, ज्याला सगळे ‘पेन’ म्हणतात, आधीच तयार होता. शाळेने तो न विचारता नवी नोंद करायला घेतली. आधार आधीच्या नोंदीला जोडलेले असल्याने नोंद अडकली. योग्य क्रम असा: आधी गावच्या शाळेचे नाव विचारायचे, पालकांच्या फोनवरून गावातल्या कुणाला तरी गाठून मुख्याध्यापकांशी बोलायचे, त्यांना मुलीला ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या ऑनलाइन यादीत, टाकायला सांगायचे आणि मग पेन व जन्मतारीख घालून तिला आपल्या शाळेत ओढून घ्यायचे. भाषेची अडचण आली तर दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांचे मोडके हिंदी पुरते. हा फोन ३० सप्टेंबरच्या पटमोजणीआधी झाला तर बरे. या शाळेने तो सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात केला आणि पंधरा मिनिटांत काम झाले.

पोषण आहार मात्र पहिल्या दिवसापासून. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण हजर मुलासाठी आहे, पोर्टलवरच्या मुलासाठी नाही. पुस्तके मागच्या वर्षीच्या मुलांकडून जमवली. गणवेशाचे पैसे खात्यावर जमा होतात आणि हिचे खाते नाही, म्हणून शाळेतल्या जुन्या गणवेशांतून एक काढून दिला. पहिल्या आठवड्यातच दिला हे महत्त्वाचे. रंगीत फ्रॉकमधली एकटी मुलगी ४१ जणांत सगळ्यांना दिसते.

पहिले पंधरा दिवस: तीन चुका

पहिली चूक, तिला दिवसातले दोन तास पहिलीच्या वर्गात पाठवले. हेतू बरा: अक्षरे तिथे शिकवतात, तर तिथेच बसू दे. नऊ वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलांत बसली की ती शिकत नाही, मुलांना सांभाळते. तिला घरी तेच काम आहे. चौथ्या दिवशी ती पहिलीच्या मुलांची नाके पुसत होती. पहिलीच्या बाईंना ती आवडली, आणि तेवढ्याने ही व्यवस्था आणखी आठवडाभर टिकली.

दुसरी चूक फसवी आहे. चौथीच्या वर्गात ती फळ्यावरचे सगळे सुरेख उतरवून घ्यायची. वही पाहणाऱ्याला वाटावे, मुलगी हुशार. पण तिच्याच वहीतल्या शब्दावर बोट ठेवून ‘हे काय लिहिलंय?’ विचारले की शांतता. लिपी न कळता उतरवणे म्हणजे रांगोळी काढणे. एरवी रोज वह्या तपासणाऱ्या शिक्षकांचाच इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो, कारण त्यांच्या समोर वही असते, मूल नसते. साधी तपासणी अशी: उतरवलेल्या ओळीतले तीन शब्द कागदाच्या तुकड्यांवर उलटसुलट क्रमाने लिहून वाचायला द्यावेत. तीन मिनिटे लागतात.

तिसरी चूक, तिचे गप्प बसणे. नव्या भाषेत पडलेले मूल कित्येक आठवडे बोलत नाही, ऐकत असते. त्यात कन्नड आणि मराठीचे कानाला होणारे गोंधळ वेगळेच. कन्नडमध्ये ‘नायि’ म्हणजे कुत्रा. आपण भराभर ‘नाही’ म्हणतो ते ‘नाई’ असेच ऐकू येते. ‘कायि’ म्हणजे कच्चे फळ किंवा नारळ, आपण दर दुसऱ्या वाक्यात ‘काय?’ विचारतो. ‘बायि’ म्हणजे तोंड, आणि वर्ग दिवसभर ‘बाई, बाई’ करतो. ‘कालु’ म्हणजे पाय, आपण विचारतो ‘काल का आली नाहीस?’ एका वाक्यात पाय, कुत्रा आणि वर चिडका आवाज. मुलगी गप्प राहिली तर नवल नाही.

या सगळ्याची बेरीज: ‘काहीच येत नाही.’

तिला काय येते, हे कसे शोधले

शोधायला एक मधली सुट्टी आणि दुसऱ्या दिवशीची अर्धी तासिका लागली. सहावीत कन्नड बोलणारी एक मुलगी होती, तिला शेजारी बसवले. दुभाष्या मुलांबद्दल एक सावधगिरी: त्यांना रोज बोलावू नये. त्यांचा अभ्यास बुडतो आणि नवे मूल त्यांच्या तोंडूनच बोलायला लागते. तपासणीला दोनदा आणि शब्द गोळा करायला एकदा, एवढेच.

कर्नाटकात पहिली ते तिसरीला नली-कली पद्धतीने कार्डांवरून शिकवतात. कन्नडची वर्णमाला आपल्यासारखीच ‘अ आ इ ई’ आणि ‘क ख ग घ’ या क्रमाने लावलेली असते. त्यामुळे मोबाइलवर कन्नड मुळाक्षरांचा तक्ता उघडला तर कन्नड न येणाऱ्या शिक्षकालाही कोणते अक्षर कुठे आहे ते कळते. बाईंनी तक्त्यातल्या अक्षरांवर क्रम मोडून बोट ठेवत नेले. मुलीने ३४ व्यंजनांपैकी सव्वीस बिनचूक सांगितली. काना, वेलांटी आणि उकार लावलेले दोन-तीन अक्षरी शब्दही वाचले, थोडे अडखळत. उताऱ्यावर अडकली.

म्हणजे मुलगी निरक्षर नव्हती. वाचन म्हणजे काय, चिन्हाला आवाज असतो आणि आवाज जोडून शब्द होतो, हे तिला ठाऊक होते. एकच गोष्ट नव्हती: ही लिपी. पहिलीच्या मुलाला जे वर्षभर शिकवावे लागते ते हिला येत होते. तिला पहिलीत बसवणे म्हणजे सायकल येणाऱ्याला, या सायकलचा रंग वेगळा आहे म्हणून पुन्हा चालायला शिकवणे.

गणितातही तेच. पुस्तकातला ‘१’ ती ‘नऊ’ वाचायची, ‘४’ ला ‘आठ’ म्हणायची आणि ‘५’ ला ‘चार’. कन्नड शाळेत ती इंग्रजी अंक शिकली होती आणि देवनागरी अंक त्या अंकांसारखे दिसतात, फक्त भलतेच. दुकानाचा हिशेब विचारला, पाचशेची नोट दिली, दोनशे ऐंशीचे सामान घेतले, परत किती? उत्तर बोटांवर, पण बरोबर. घरचे सामान तीच आणत होती. हातच्याची वजाबाकी तिला तोंडी येत होती आणि वहीत शून्य गुण होते.

सहा आठवड्यांचा पूल

वेळ रोज चाळीस मिनिटे, दोन तुकड्यांत. परिपाठाआधी वीस, आणि बाकीचा वर्ग लेखन करत असताना वीस. ४१ च्या वर्गात याहून जास्त काढू पाहणारा शिक्षक तिसऱ्या आठवड्यात थकतो, म्हणून आकडा लहानच ठरवावा. कायद्याप्रमाणे ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. तो नाही, हे धरूनच आखणी करावी लागते.

पहिला आठवडा: देवनागरीत कन्नड शब्द. या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट हीच. नेहमीच्या वाचनकार्डांवर ‘घर, नळ, खण’ असते. ती मुलगी ‘नळ’ वाचू शकली तरी तिला बरोबर वाचले की चूक हे कळायला मार्ग नाही, कारण शब्दच माहीत नाही. त्याऐवजी सहावीतल्या मुलीकडून गोळा केलेले शब्द कार्डांवर देवनागरीत लिहिले: मर (झाड), सर (गळ्यातली माळ), दन (गुरे), जन (माणसे), हण (पैसे), मग (मुलगा), मने (घर), मळे (पाऊस), बळे (बांगडी), आने (हत्ती), हालु (दूध), नीरु (पाणी), हावु (साप), मीनु (मासा). अक्षरे जुळली की तोंडातून ओळखीचा शब्द बाहेर पडतो आणि मूल स्वतःच चमकते. ‘मने’ वाचल्यावर ती हसली, हे नोंदवहीत लिहून ठेवण्याइतके महत्त्वाचे होते. रोज सहा नवी कार्डे, आदल्या दिवशीची सहा परत. आठवड्याअखेर तीस शब्द आणि बावीस अक्षरे.

इथे एक आक्षेप येतो: मराठी शाळेत कन्नड शब्द कशाला? आठ-दहा दिवसांपुरते. पूल ओलांडला की पुलावर कोणी राहत नाही. आणि ‘मर’ या कार्डावरून वर्गात थोडा हशा झाला, तर तो होऊ द्यावा. तिच्या भाषेत त्याचा अर्थ झाड आहे हे बाकीच्यांना कळले आणि त्या आठवड्यात निम्मा वर्ग अंगणातल्या कडुनिंबाला ‘मर’ म्हणत होता.

दुसरा आठवडा: दोन्ही भाषांना सामायिक शब्द आणि मग मराठी. अक्का, अण्णा, मामा, पुस्तक, जन. शाले आणि शाळा, तुप्प आणि तूप. त्यानंतर शरीराचे अवयव, वर्गातल्या वस्तू आणि ‘ये, जा, बस, दे, घे, उघड, लिही’ ही आज्ञेची क्रियापदे, करून दाखवत. वर्गात टिकायला सुमारे शंभर शब्द लागतात आणि त्यांतले निम्मे ही क्रियापदेच असतात.

यानंतर चुका दिसायला लागतात. त्या बेशिस्त नसतात, प्रत्येकीला कारण असते आणि कारण कळले की उपाय छोटा होतो.

ती ‘घर’चा उच्चार ‘घरा’ करायची आणि ‘बस’ ‘बसु’ लिहायची. कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतात, बोलीत बसला ‘बस्सु’ आणि कारला ‘कारु’ म्हणतात. ‘शेवटचे अक्षर तोडून म्हण’ हे सांगून कळत नाही. शब्द म्हणताना शेवटच्या अक्षरावर मूठ मिटायची, असा खेळ घेतला.

ती ‘भात’ला ‘बात’, ‘घोडा’ला ‘गोडा’, ‘खडू’ला ‘कडू’ लिहायची. कन्नड लिपीत महाप्राण अक्षरे, म्हणजे ख, घ, भ यांसारखी श्वासाच्या जोराने म्हणायची अक्षरे, आहेत, पण रोजच्या बोलण्यात ती पुसट होतात. मुलगी ऐकते तसे लिहिते. इथे दहा वेळा लिहायला लावून काही होत नाही, आधी कानाला फरक कळायला हवा. तळहात तोंडासमोर धरून ‘ब’ आणि ‘भ’ म्हणायचे, ‘भ’ला हाताला वारा लागतो. मग बाईंनी जोडीतला एक शब्द म्हणायचा आणि तिने चित्र उचलायचे: गोडा-घोडा, कडू-खडू, बात-भात. रोज पाच मिनिटे, तीन आठवडे. बोलण्यात फरक आला, लिहिण्यात अर्धवट आला.

ऱ्हस्व वेलांटीचे तिचे दुखणे सर्वांत हट्टी होते. कन्नडमध्ये इकार अक्षराच्या माथ्यालाच चिकटतो. देवनागरीत तो आवाजात नंतर येतो पण कागदावर आधी. ‘पिशवी’ ती ‘पशिवी’ अशी लिहायची, म्हणजे ‘प’ लिहून झाल्यावर वेलांटी द्यायची आणि ती आपोआप ‘श’ला लागायची. ‘चुकलं, पुन्हा लिही’ म्हटल्याने चूक पक्की होते. आधी अक्षर लिहायचे, डावीकडे बोटभर जागा सोडायची आणि वेलांटी मागाहून तिथे घालायची, हा क्रम महिनाभर चालू दिला. शुद्धलेखनाच्या दृष्टीने तो गबाळा आहे, पण कामाचा आहे.

जोडाक्षरांत उलट सोपे गेले. कन्नडमध्ये पहिले व्यंजन पूर्ण लिहून दुसरे त्याच्या पायाशी छोटे लिहितात. आपण पहिल्याला अर्धे करतो. सुरुवात ‘अक्का, अण्णा, अम्मा’ या तिच्याच शब्दांनी केली. एकाच अक्षराचे जोड बसले की ‘रस्ता, पुस्तक’. रफार मात्र मुद्दाम मागे ठेवला. आणि ‘ळ’ व ‘ण’, ज्यांवर हिंदी बोलणारी मुले हमखास घसरतात, ते तिला पहिल्याच दिवशी आले. वर्गासमोर ‘बाळ खेळ खेळतो’ तिच्याकडून म्हणवून घेतले, तेव्हा शेजारची हिंदीभाषक मुले तिच्याकडे बघत राहिली.

लिंगाच्या चुका, ‘माझा आई’, ‘तो खुर्ची’, दुरुस्त केल्या नाहीत. कन्नडमध्ये खुर्चीला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसते. ते ऐकून ऐकून बसते, वर्ष-दोन वर्षे लागतात. सगळ्याच चुका एकदम धरल्या तर मूल पुन्हा गप्प होते.

अंकांसाठी आठवडाभर दोन्ही प्रकारचे अंक शेजारी लिहिलेली पट्टी बाकावर चिकटवली. पण खरी अडचण ऐकण्यात होती. ‘पंचवीस’ सांगितले की ती बावन्न लिहायची. कन्नडमध्ये पंचवीस म्हणजे ‘इप्पत्तैदु’: इप्पत्तु वीस, ऐदु पाच. दशक आधी, एकक मागून. मराठीत पाच आधी ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात कोण बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या मुलीसाठी ‘वीस पाच, म्हणजे पंचवीस’ हीच पायरी योग्य ठरली. आठ दिवस दोन्ही म्हणायचे, मग पहिले सोडायचे.

चौथीच्या वर्गात बसून ती काय करत होती? सगळे कळत नव्हते, पण काही तासांना ती पूर्ण हजर असायची: चित्रकला, खेळ, गणितातले नोटांचे हिशेब. चौथीला परिसर अभ्यासाचा दुसरा भाग शिवछत्रपतींचा. शहाजीराजांची जहागीर बंगळुरात होती, हे शिकवताना बाईंनी नकाशावर बंगळूर दाखवायला तिला उठवले. तिने आधी कलबुर्गी दाखवले, मग बोट खाली नेले.

हजेरी, म्हणजे भाऊ

सहा आठवड्यांतल्या ३३ कामाच्या दिवसांपैकी ती सुरुवातीच्या पंधरात सहा दिवस गैरहजर होती. ‘पालक उदासीन’ हा तयार शेरा इथेही पुढे आला होता. प्रत्यक्षात स्लॅबच्या दिवशी आई-वडील दोघेही पहाटेपासून कामावर असत आणि भावाला सांभाळायला दुसरे कुणी नसे. ५० हून अधिक महिला कामगार असतील तिथे पाळणाघर हवे, असे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला १९९६ चा बांधकाम कामगार कायदा सांगत असे. पण लहान-लहान ठेकेदारांत वाटलेल्या साइटवर तो आकडा भरतच नसे.

समजूत घालायला घरी जाऊन उपयोग नव्हता, भावाला जागा हवी होती. शाळेच्या आवारात बालवाडी होती. तीन वर्षे पूर्ण असल्याने त्याला तिथे घेता आले. पहिला आठवडाभर तो रडून वर चौथीत यायचा आणि बहिणीच्या बाकाखाली बसायचा. त्याला बसू दिले. दुसऱ्या आठवड्यात खाली रमला. उरलेल्या १८ दिवसांत मुलीचे खाडे दोन. सहा आठवड्यांच्या अध्यापनात वाचनकार्डांहून जास्त परिणाम कशाने झाला, असे विचारले तर बालवाडीतल्या त्या जागेने.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. अशा वस्तीतून एक तरी आई तिथे असावी. सभा संध्याकाळी सहानंतर किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवली तरच ती येते. दुपारी तीनच्या सभेला रोजंदारीवरची आई येणार नाही आणि मग तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ लागेल.

ऑक्टोबरमध्ये, आणि डिसेंबरमध्ये

सहा आठवड्यांनंतर तिची स्थिती: जोडाक्षर नसलेला चार-पाच ओळींचा मराठी उतारा सावकाश वाचते, मिनिटाला वीस-बावीस शब्द, आणि त्यावरच्या तीन प्रश्नांपैकी दोनांना एका शब्दात उत्तर देते. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय मोहिमेच्या उद्दिष्टात तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचणे अपेक्षित आहे, त्यापासून ती अजून बरीच लांब. सत्र परीक्षेत भाषेचा पेपर तोंडी घेतला, गणितात देवनागरी अंकांची पट्टी शेजारी ठेवू दिली. यावर सहकाऱ्यांत मतभेद झाले. आमच्या मते पट्टी ठेवू देणेच योग्य. गणिताच्या पेपरात तिची वजाबाकी तपासायची आहे, लिपी नव्हे.

डिसेंबरात कुटुंब गावी गेले. कलबुर्गी हे तुरीचे कोठार आणि डिसेंबर-जानेवारीत तूर काढणीला येते. हे जाणे अचानक नव्हते, वडिलांनी दिवाळीतच सांगितले होते. स्थलांतरित मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी पत्रक असते. जाताना ते भरून दिले, म्हणजे गावच्या शाळेत बसवून घेताना मुलगी कोण आणि कुठवर शिकली हे कळते. नाव पटावरून कमी केले नाही. बरोबर एक वही दिली, रोज एक पान: वरती तीन ओळींचा उतारा, खाली दोन हिशेब. पन्नास पाने देण्याचा मोह टाळला, पंचवीसच दिली. ती परत आली जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात. एकोणीस पाने भरलेली होती. वाचन टिकले होते, किंबहुना थोडे सुटसुटीत झाले होते. वेलांटी पुन्हा ‘श’वर गेली होती. ‘भ’ आणि ‘घ’ बोलण्यातून पुसले गेले होते आणि तळहातासमोरचा खेळ पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला, पण या वेळी तो आठ दिवसांत संपला.

एप्रिलअखेर बाईंनी पाचवीच्या शिक्षकांसाठी एक कागद तयार केला. पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास पुनर्परीक्षा आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावे लागते. त्यामुळे हा कागद जूनमध्ये नव्हे, आत्ताच हवा होता. त्यावर मजकूर असा: दोन व्यंजनांची जोडाक्षरे येतात, रफार नाही. उतारा मिनिटाला चाळीसच्या आसपास. लेखनात महाप्राण अक्षरांच्या चुका होतील, त्यांचे गुण कापण्याआधी शब्द तोंडी विचारा. संख्या चार अंकी, भागाकार सुरू करायचा आहे. भाऊ बालवाडीत, तो आजारी असेल त्या दिवशी ही येणार नाही.

इमारत मे महिन्यात पूर्ण होणार होती आणि कुटुंब पुढच्या साइटवर, कदाचित उंड्रीला, कदाचित हिंजवडीला जाणार होते. म्हणून त्या कागदाची दुसरी प्रत मुलीच्या दप्तरात ठेवली. पेन क्रमांक तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अंकांत लिहिला आणि आईच्या मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो काढून ठेवला.